वस्तीला जागा

आमच्या निपाणी-चिकोडी भागात जैन देवळाला 'बस्ती' म्हणतात. "बस्तीत जाऊन आलीस काय गं?" हे आईचं रोज सकाळचं पहिलं वाक्य. त्याच भागात रात्री उशिरा येऊन गावातच थांबणारी आणि पहाटे परत जाणारी एसटी असे, तिला 'वस्तीची गाडी' म्हणत. दिवेलागणीला कुणी पै-पाहुणा दारात उभा राहिला की तो सांगायचा, "आज वस्तीला आलोय." मग आई काही न विचारता चुलीत आणखी दोन लाकडं सारायची. आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवण नसे. पण वस्तीला आलेल्या माणसाला दूध आणि केळी तरी लवकर उरकून द्यायची, अंथरूण घालायचं, आणि सकाळी विचारायचं, कुठनं आला, काय काम काढलं. आधी अंथरूण, मग चौकशी, असा क्रम होता. तो कुणी ठरवला होता हे मला माहीत नाही.

लग्न होऊन इंदूरला आले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंना माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "यहाँ बस्ती किधर है?" त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाल्याकडं जाणारा रस्ता दाखवला. इकडं बस्ती म्हणजे झोपडपट्टी. घरात हा किस्सा अजून सांगतात आणि हसतात. मीही हसते. पण शब्द एकच आहे, वसति, म्हणजे राहण्याची जागा. देवाची जागा, वाटसरूची एका रात्रीची जागा आणि गरिबाची जागा, तिन्ही एकाच शब्दातून आल्या. आपण त्या इतक्या दूर दूर नेऊन ठेवल्या आहेत की एकीकडं जाणारा रस्ता विचारला तर दुसरीकडचा दाखवला जातो.

हे सगळं आठवायला एक कारण घडलं. ते सांगायला मला बरं वाटत नाही, म्हणूनच सांगते.

२०१९च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांजवळ, एक म्हातारी झोपायला येऊ लागली. पाऊस वाढला की येई, उजाडायच्या आत जाई. जाताना जागा झाडून जाई. कधी फडकं नसलं तर पदरानं झाडी. तिच्याजवळ एक गाठोडं असे, म्हणून आम्ही सगळे तिला 'गठरीवाली' म्हणत असू. मी तिला संध्याकाळच्या दोन पोळ्या आणि भाजी देत असे. तिच्यासाठी एक स्टीलची ताटली वेगळी ठेवली होती. वेगळी ठेवली होती, हेही लिहायला हवं. माझ्या मनात मात्र असं की मी तिचं फार करते. दिवाळीत जुनं लुगडं दिलं, थंडीत शाल दिली. मंडळातल्या मैत्रिणीनं कौतुक केलं तेव्हा मला संकोच वाटला, पण तो पुरेसा नव्हता.

फेब्रुवारी २०२० मध्ये सोसायटीचे सचिव एक कागद घेऊन आले. "वहिनी, जरा सही करा. बाकी सगळ्यांची झालीय." कागदावर लिहिलं होतं की एक अनोळखी स्त्री इमारतीत रात्री मुक्काम करते, त्यामुळे अस्वच्छता होते, लहान मुलं घाबरतात, विजेचे मीटर जवळ असल्यानं अपघात होऊ शकतो, तरी संबंधित विभागानं तिला हलवावं. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. मुलं सुरुवातीला घाबरली होती. मीटर जवळ होते. मी म्हटलं, "पण ती जाईल कुठं?" ते म्हणाले, "वहिनी, सरकारचं रैन बसेरा आहे नं. तिथं ठेवतील. उलट तिचं भलंच होईल." मी सही केली. अकरावी सही माझी होती.

आठ-दहा दिवसांनी ती यायची थांबली. तिला कुणी नेलं, की जिन्याला लोखंडी जाळी बसलेली पाहून ती आपणहून गेली, हे आम्हांला कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली. टीव्हीवर, मोबाइलच्या रिंगटोनवर, भिंतीवर, जिथं तिथं एकच सूचना होती की घरात राहा. मी घरात राहिले. ताटली मांडणीवर राहिली.

मग २९ जानेवारी २०२१ उजाडला. त्या दिवशी काय झालं ते देशानं पाहिलं. आमच्या इंदुरात निगमच्या गाडीत रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना भरलं आणि शहराबाहेर देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवायला सुरुवात केली. कडाक्याची थंडी होती. काहींना नीट उभं राहता येत नव्हतं. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत गाडीत बसवलं. नंतर वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले, कर्मचाऱ्यांना काढलं, आणि प्रशासनाच्या वतीनं खजराना गणपतीपुढं क्षमाही मागितली गेली. तोवर आमचं शहर सलग चार वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलं होतं.

तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. मी एक चेहरा शोधत होते. गठरीवाली त्यात नव्हती. मला हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, कारण गाडीतून उतरवलेली ती दुसरी म्हातारीही कुणाच्या तरी जिन्याखालची असणारच, आणि तिच्यासाठीही कुठंतरी अकरा सह्या झाल्या असतील. त्या गाडीच्या कर्मचाऱ्यांना सगळ्यांनी शिव्या दिल्या. मीही दिल्या असत्या. पण 'हिला हलवा' असं लेखी मागणारे आम्हीच होतो. 'कुठं' हा शब्द आमच्या अर्जात नव्हता, आणि त्यांनी तो मनानं घातला.

त्याच आठवड्यात मी एका रैन बसेऱ्यात गेले. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं सर्वटे बसस्थानकाकडं जात होते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. सांभाळणारा मुलगा तिशीतला होता. मी म्हटलं, एका म्हातारीची चौकशी करायचीय. त्यानं जाड रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "माताजी, नाम क्या है उनका?"

मला नाव माहीत नव्हतं. सात-आठ महिने तिला मी जेवायला घातलं होतं. तिला गवार आवडत नाही हे मला माहीत होतं. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. तो मुलगा सज्जन होता, त्यानं रजिस्टर हळूच मिटलं आणि म्हणाला, "कोई बात नहीं, बैठिए."

त्यानंतर मी तिथं पुष्कळदा गेले. आधी एकटी, पुढं मंडळातल्या बायकांना घेऊन. तिथं जे कळलं त्यातलं बरंच मला या वयात पहिल्यांदा कळलं. बेघर म्हणजे भिकारी, अशी माझी समजूत होती. पण रजिस्टरमध्ये झाबुआ-अलिराजपूरकडून बांधकामावर आलेले मजूर होते, जे सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहतात. लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे धरणारे आणि कॅटरिंगची भांडी घासणारे होते. मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांचे नातेवाईक होते. मुलानं घराबाहेर काढलेला एक निवृत्त शिंपी होता. एक बाई कुणाशी बोलत नसे आणि रोज उशीला गाठी मारून ठेवी. हे सगळे एकाच शब्दात बसतात, पण त्यांची गरज एक नाही. मजुराला नाक्याजवळ जागा हवी. रुग्णाच्या नातेवाइकाला महिनाभराचीच सोय हवी, पण ती दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी. शिंप्याला कायमचं घर हवं, आणि त्या बाईला आधी डॉक्टर.

आम्ही इंदूरकर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो. ओला, सुका, प्लास्टिक, घातक, सगळ्याला वेगळी पेटी. माझी नात डोळे मिटून सांगेल काय कशात टाकायचं. रस्त्यावरच्या माणसांना मात्र आम्ही एकच पेटी ठेवली आहे, 'हटवा'.

मी त्या मुलाला विचारलं, "जागा रिकाम्या असताना लोक बाहेर का झोपतात?" त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. नवरा-बायको आले तर त्यांना वेगळं झोपावं लागतं. हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी राहील याचा भरवसा नाही. दारू प्यालेल्याला आत घेता येत नाही, आणि प्यालेलाच थंडीत मरतो. कुत्रा सोबत असेल तर माणूस कुत्र्याला सोडून येत नाही. "और माताजी, बहुत लोगों को लगता है कि अंदर गए तो पकड़ के भेज देंगे." आत गेलं तर कुठंतरी पाठवून देतील, ही भीती. क्षिप्राच्या घटनेनंतर ती वाढली, असं तो म्हणाला. त्या एका गाडीनं कित्येक रात्रींचा विश्वास उडवला होता.

पाठशाळेत आम्ही दानाचे चार प्रकार घोकले होते: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पुढं मोठेपणी समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार वाचला, तेव्हा तिथं चार दानं थोडी वेगळी दिसली: आहार, औषध, उपकरण आणि आवास. एका यादीत चौथ्या जागी अभय आणि दुसरीत आवास. तेव्हा मी तो फरक नुसता वहीत टिपून ठेवला होता. रैन बसेऱ्यातल्या त्या मुलाचं बोलणं ऐकल्यावर वाटलं, हे दोन शब्द एकाच जागी बसतात ते उगीच नाही. निवारा म्हणजे केवळ छप्पर नाही. रात्री कुणी उठवणार नाही, गाठोडं कुणी नेणार नाही, डोळा लागला तर उघडेल तो इथंच उघडेल, याची खात्री म्हणजे निवारा. अभयाशिवाय दिलेली खाट कोंडवाड्यासारखी असते.

कुणी म्हणेल, आणि आमच्या स्वाध्यायात एका काकांनी म्हटलंही, की ते आवासदान मुनींसाठी सांगितलंय, फुटपाथवाल्यांसाठी नाही. बरोबर आहे, संदर्भ मुनींच्या सेवेचाच आहे. चातुर्मास जवळ आला की आमच्याकडं सभा भरतात. मुनिसंघ कुठं उतरेल, हवा येते का, आवाज नाही नं, जीवजंतू नाहीत नं. ज्याच्या जागेत संघ उतरेल तो स्वतःला भाग्यवान समजतो. तो हिशेब मागत नाही, मुनींना ओळखपत्र विचारत नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्याच पावसाळ्यात, त्याच गल्लीत, दुसरी एक घर नसलेली व्यक्ती जिन्याखाली येते तेव्हा आम्ही अर्ज लिहितो.

आमच्या धर्मात गृहस्थाला 'सागार' म्हणतात आणि मुनीला 'अनगार', म्हणजे ज्याला घर नाही तो. या दोघांच्या धर्मावर तेराव्या शतकात ज्यांनी ग्रंथ लिहिले, सागार धर्मामृत आणि अनगार धर्मामृत, ते पंडित आशाधर आमच्या माळव्यातलेच, म्हणजे इथं येऊन राहिलेले. मूळचे राजस्थानातल्या मांडलगडचे. स्वाऱ्यांच्या धामधुमीत गाव सोडून धारला आले आणि पुढं नालछ्याला राहिले. सागार आणि अनगार यांच्यातली रेघ आखणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर असं सुटलं होतं, आणि माळव्यात त्यांना कुणीतरी वस्तीला जागा दिली होती. ती दिली नसती तर ते ग्रंथही कदाचित लिहून झाले नसते.

अनगार होणं मोठं, कारण तो घर सोडतो. सोडायला आधी असावं लागतं. ज्याच्याकडून घर गेलं, त्याच्या वाट्याला अपरिग्रह येत नाही, फक्त अभाव येतो. दोघांच्याही अंगावर थंडी सारखीच वाजते, पण एकाच्या थंडीला आपण तप म्हणून नमस्कार करतो आणि दुसऱ्याच्या थंडीवरून नजर काढून घेतो. नमस्कार कमी करावा असं मी म्हणत नाही. नजर काढू नये, एवढंच म्हणते.

आता प्रश्न येतो तो हा, की हे काम कुणाचं? माझं, की निगमचं?

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या जिल्हा प्रशासनानं जाहीर केलं की १ जानेवारी २०२५ पासून शहरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होईल. माहिती कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस ठेवलं. मंडळात खळबळ उडाली. एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आता दान केलं की पोलिस येणार? अगं, हा काय न्याय झाला!" दुसरी म्हणाली, "बरंच झालं. सिग्नलवर पोरं भाड्यानं आणतात." मला दोघींचं पटत होतं आणि दोघींचं खटकत होतं. सिग्नलवर फेकलेल्या दहा रुपयांनी कुणाला घर मिळालेलं नाही, हे खरं. लहान पोरांना भिकेला लावणारे असतात, हेही खरं. पण ज्या हाताला दुसरा आधार अजून पोचला नाही, त्या हातावर ठेवणाऱ्याला आधी गुन्हेगार ठरवायचं, यात क्रम चुकतो. आमच्या आईचा क्रम आधी अंथरूण, मग चौकशी असा होता. इथं अंथरुणाच्या आधी दंड.

आणि बेघर म्हणजे भिकारी ही गफलत कायद्यानंही केलेली आहे. १९५९च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंध कायद्यात, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी वावरतो, एवढ्यावरही त्याला भिकारी धरता येत असे. तोच कायदा दिल्लीत लागू होता. २०१८च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. गरीब दिसणं हा गुन्हा कसा होईल, एवढी साधी गोष्ट समजायला आपल्याला साठ वर्षं लागली.

तरीसुद्धा मी असं म्हणणार नाही की सरकारनं बाजूला व्हावं आणि आम्ही पोळ्या वाटत राहावं. माझ्या दोन पोळ्यांनी गठरीवालीचं काय झालं ते मी पाहिलंय. एका माणसाच्या दयेवर जगणारा माणूस त्याच माणसाच्या सहीनं उठतो. म्हणून जागा हक्काची हवी, आणि हक्क सांभाळायला संस्था लागते, निगम लागतं, न्यायालय लागतं. २०१०च्या जानेवारीत दिल्लीच्या थंडीत माणसं मरू लागली. त्याआधी तिथला एक तात्पुरता निवाराच पाडून टाकलेला होता. तेव्हा अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निवाऱ्यांचे आदेश दिले. पुढं ते मोठ्या शहरांनाही लागू झाले: दर एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा, रात्रंदिवस चालणारा, बाराही महिने. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. तिच्यात प्रत्येक लाखामागं निदान शंभर माणसांची सोय आणि प्रत्येक माणसाला पन्नास चौरस फूट जागा सांगितली होती. पन्नास चौरस फूट म्हणजे आमच्या देवघराएवढी जागा. २०११च्या जनगणनेत इंदूरची वस्ती एकोणीस लाखांच्या वर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानंसुद्धा वीसेक निवारे आणि दोन हजारांच्या आसपास खाटा हव्या होत्या. शहर तेव्हापासून वाढतच आहे.

त्याच जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत, देशातल्या घर नसलेल्या लोकांची मोजणी झाली. आकडा सतरा लाखांच्या वर निघाला, त्यातले नऊ लाखांहून जास्त शहरांत. आमच्या जिन्याखालच्यासारखी माणसं अशा मोजणीत किती आली असतील, सांगता येत नाही. उजाडायच्या आत जाणारी माणसं ती.

माझा एक भाचा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. त्याची बायको तिथं सुटीच्या दिवशी अशा कामाला जाते. तिनं सांगितलेलं मला फार उपयोगी पडलं. त्या शहरात पूर्वी प्रत्येक संस्था आपापलं पुण्य वेगवेगळं करत होती. २०१२च्या सुमारास महापौरांनी पुढाकार घेतला आणि शंभरावर संस्थांना एका यादीवर आणलं. माणूस कुठल्याही दारानं आला तरी नाव एकाच यादीत. मग त्याला आधी भाड्याचं घर, आणि व्यसन, नोकरी, आजार यांचं पुढं, घरात राहून. कुणीतरी येऊन-जाऊन विचारत राहतं. २०११च्या मानानं तिथली बेघरांची संख्या निम्म्याहून खूप खाली आली आणि पंचवीस हजारांवर माणसं घरात गेली. मी तिला म्हटलं, "अगं, तुमच्याकडं पैसा आहे." ती म्हणाली, "आत्या, पैसा आधीही होता की. यादी नव्हती."

यादी नव्हती. मला डिसेंबरातल्या आमच्या रात्री आठवल्या. एकाच आठवड्यात पाच-पाच मंडळं ब्लँकेटं घेऊन निघतात, फोटो काढतात. स्टेशनाबाहेरच्या एकाच माणसाला चार ब्लँकेटं मिळतात, सकाळी तो तीन विकतो, आणि आम्ही म्हणतो, बघा, असले असतात हे. जुलैत त्याच माणसाचं अंथरूण भिजतं तेव्हा कुणी नसतं, कारण पावसाळ्यात वाटायला काही सोयीचं नाही. आमचं दान आमच्या पंचांगानं चालतं.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलंय की दानाचं मोल चार गोष्टींनी कमीजास्त होतं: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आम्हांला त्यातलं पात्र तेवढं लक्षात राहिलं. समोरचा लायक आहे का, खोटं बोलतोय का, पिऊन आलाय का. ग्रंथात पात्र म्हणजे कोण, याचा विचार वेगळ्या पातळीवरचा आहे, पण आम्ही त्याची चाळणी करून घेतली आणि विधी पूजेपुरता ठेवला. मला वाटतं, निगम, दवाखाना, पोलिस, संस्था आणि आमच्यासारखी मंडळं यांनी मिळून एक यादी करणं, रिकाम्या खाटा रोज एकमेकांना कळवणं, दवाखान्यातून सुटलेल्या निराधाराला फाटकाबाहेर न सोडता निवाऱ्यापर्यंत पोचवणं, नवरा-बायकोला एकत्र झोपता येईल अशी एक खोली ठेवणं, हातगाडीला कुलूप लावायला एक साखळी ठेवणं, हाच आजच्या काळातला दानाचा विधी आहे. त्यात फोटो नसतो. पुण्य कुणाच्या खात्यावर पडलं तेही कळत नाही. म्हणूनच ते बरंचसं शुद्ध असावं.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका रिकाम्या सभागृहात निवारा होणार अशी बातमी आली. सचिव पुन्हा कागद घेऊन आले. आता ते थकलेत, जिना चढताना धापा टाकतात. मी त्यांना पाणी दिलं. "वहिनी, विरोध कुणाचाच नाही. निवारा व्हायलाच हवा. फक्त इथं नको, जरा दुसरीकडं." मी कागद वाचला. यातही एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. जवळ शाळा होती. रस्ता अरुंद होता.

मी म्हटलं, "भाऊ, मागं एकदा मी अशीच सही केली होती. या वेळी नाही करत."

"एकट्या तुमच्या सहीनं काय होणार आहे?"

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला असता," मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या आईला शेवटची दोन वर्षं त्यांनी हातांनी भरवलेलं मी पाहिलंय. ते काही न बोलता खाली गेले. महिनाभर आमच्यात बोलणं नव्हतं. पुढं पर्युषणात ते क्षमा मागायला आले आणि मीही मागितली, पण कशाबद्दल ते दोघांनीही स्पष्ट म्हटलं नाही. सभागृहाचं प्रकरण लांबलं आहे. होईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या सही न करण्यानं ते झालं नाही, तसं माझ्या सहीनं थांबलंही नसतं. पण अकरा सह्यांच्या जागी दहा सह्या असलेला एक कागद या शहरात कुठल्या तरी फायलीत आहे.

गठरीवाली सापडली नाही. मी अजूनही महिन्यातून दोनदा रैन बसेऱ्यात जाते. आता मला तिथली पद्धत माहीत झालीय. नवीन माणूस आला की मुलगा आधी त्याला खाट दाखवतो, पाण्याची जागा दाखवतो, आणि तो टेकला की मग रजिस्टर उघडतो. एकदा मी त्याला विचारलं, आधी नाव लिहून घेत नाहीस? तो म्हणाला, "थका हुआ आदमी है, माताजी. नाम तो सुबह भी वही रहेगा."

माझी आई त्याला ओळखत नव्हती. तो निपाणीला कधी गेला नाही.

ती स्टीलची ताटली मी आता इतर ताटल्यांत मिसळली आहे. कधी ती माझ्यासमोर येते, कधी नातीसमोर. तिला काही माहीत नाही. कधीतरी सांगेन, आणि सांगताना पुन्हा तिथंच अडेन, कारण ती विचारेल, "आजी, त्या आजींचं नाव काय होतं?"